छापलेल्या शब्दाचा धनी : संपादक गोपाळ गणेश आगरकर



घरात असेल ते वर्तमानपत्र हातात घ्या आणि शेवटच्या पानाच्या अगदी तळाशी बघा. डोळे बारीक करून वाचावी लागेल अशी एक ओळ तिथे असते. मालक अमुक, मुद्रक व प्रकाशक तमुक, कुठे छापले, संपादक कोण. मुलांना ही ओळ शोधायला सांगा. बहुतेकांनी ती आजवर पाहिलेलीच नसते. ती शोभेसाठी नाही, कायद्यासाठी आहे. 1867 साली इंग्रज सरकारने छापखाने आणि पुस्तके यांच्या नोंदणीचा कायदा केला, तेव्हापासून छापलेल्या कागदावर छापणाऱ्याचे आणि प्रसिद्ध करणाऱ्याचे नाव घालावे लागते. सरकारचा हेतू उघड होता, उद्या काही वाकडे छापले गेले तर कुणाला धरायचे ते माहीत असावे. पण त्यातून एक चांगली गोष्टही झाली. छापलेल्या शब्दाला धनी मिळाला.

14 जुलैला गोपाळ गणेश आगरकरांची जयंती असते. 17 जूनच्या पुण्यतिथीला आपल्या विदर्भातल्या शाळा अजून उघडलेल्या नसतात, त्यामुळे आपल्याकडे आगरकर म्हणजे जुलैचा परिपाठ. फळ्यावर नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा, 'थोर समाजसुधारक', दोन मुलांची पाठ केलेली भाषणे, टाळ्या, झाले. मला वाटते, आगरकरांवर हा अन्याय आहे, आणि मुलांवर त्याहून जास्त. कारण या माणसाच्या आयुष्यात मुलांना आज, हातात मोबाइल असताना, फार उपयोगी पडेल अशी एक गोष्ट आहे. छापलेल्या शब्दाची किंमत त्यांनी दोनदा मोजली. पहिल्यांदा छापलेले चुकीचे निघाले म्हणून, आणि दुसऱ्यांदा छापलेले खरे होते म्हणून. पाठ याच दोन प्रसंगांभोवती घ्यावा असे सुचवतो.

पण त्याआधी आपल्या भागाशी त्यांचे नाते सांगा. मुले लगेच सरसावून बसतात.

आगरकर जन्मले 14 जुलै 1856 रोजी सातारा जिल्ह्यात, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी. घरची गरिबी. आजोळी, कऱ्हाडला राहून ते थोडे इंग्रजी शिकले. पुढे शिकायचे तर पैसा नाही, म्हणून कचेरीत उमेदवारी केली. शिक्षणाच्या आशेने कऱ्हाडहून रत्नागिरीला पायी गेले, तिथे जमले नाही, परत आले. दवाखान्यात औषधे देण्याचे कामही काही दिवस केले. शेवटी नातेवाइकांच्या आधाराने ते कुठे आले? अकोल्याला! मूर्तिजापूरहून रेल्वेने तासाभराच्या आत पोहोचतो त्या आपल्या अकोल्याला. त्या काळी वऱ्हाडात हायस्कुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. अकोल्याच्या हायस्कुलातून आगरकर 1875 साली मॅट्रिक झाले. म्हणजे महाराष्ट्राला विचार करायला लावणारा हा संपादक शाळकरी मुलगा म्हणून आपल्या मातीत घडला. ज्या पाठात सगळी गावे पुण्या-सातार्‍याकडची असतात, त्यात अकोला आले की शेवटच्या बाकावरचा पोरगाही मान वर करतो.

अकोल्यात त्यांना शिक्षक लाभले विष्णु मोरेश्वर महाजनी. हे नाव आपण शिक्षकांनी तरी विसरू नये. महाजनी स्वतः लेखक होते, त्यांनी शेक्सपिअरची नाटके मराठीत आणली, आणि पुढे वऱ्हाडच्या शिक्षणखात्यात ते मोठ्या पदावर गेले. आगरकरांनीही पुढे शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' या नावाने मराठी रूपांतर केले. विद्यार्थ्याने शिक्षकाची वाट अशी धरली की आपल्यालाही बरे वाटते. अकोल्यात असतानाच आगरकर 'वऱ्हाड समाचार' या तिथल्या वर्तमानपत्रात लिहू लागले. छापील अक्षरात आपले वाक्य पहिल्यांदा बघण्याचा आनंद त्यांना वऱ्हाडात मिळाला, असे म्हणायला हरकत नाही.

पुढचे मुलांना थोडक्यात सांगितले तरी चालेल. पुण्याचे डेक्कन कॉलेज, तिथली ओढगस्त (एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालायचा, ही गोष्ट सगळेच सांगतात), तिथे टिळकांशी झालेली मैत्री, आणि सरकारी नोकरी करायची नाही असा दोघांचा निश्चय. एम. ए. होणाऱ्या मुलाकडून घरच्यांना किती आशा असणार! आगरकरांनी आईला पत्र लिहून आधीच सांगून टाकले की मोठ्या पगाराची वाट पाहू नकोस, पोटापुरते मिळवून बाकी वेळ लोकांच्या कामी घालवणार आहे. पालकांनी या पत्राचा प्रसंग मुलांना सांगताना स्वतःलाही एक प्रश्न विचारावा. आपल्या मुलाचे असे पत्र आले तर आपण काय करू?

1880 च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. परीक्षा आटोपून आगरकर त्यात सामील झाले. पुढच्याच जानेवारीत, 1881 साली, या मंडळींनी दोन वर्तमानपत्रे काढली, इंग्रजीत 'मराठा' आणि मराठीत 'केसरी'. 'केसरी'चे पहिले संपादक कोण, असे विचारा. वर्ग एका सुरात 'टिळक' म्हणेल. उत्तर आगरकर. 1881 पासून 1887 पर्यंत 'केसरी'चे संपादक आगरकर होते, आणि टिळकांकडे 'मराठा' होता.

आता छापखाना. इथे जरा रेंगाळा, कारण आजच्या मुलांना छापणे म्हणजे बटण दाबणे एवढेच ठाऊक आहे. या मंडळींनी स्वतःचा आर्यभूषण छापखाना उभा केला. छापखाना हलवताना खिळ्यांच्या पेट्या या शिकलेल्या तरुणांनी स्वतःच्या खांद्यावरून वाहिल्या, असे सांगतात. खिळा म्हणजे भिंतीत ठोकायचा नव्हे, शिशाच्या मिश्रणाचा ओतीव तुकडा, ज्याच्या टोकावर एक अक्षर उलटे असते. असे शेकडो प्रकारचे खिळे लाकडी पेटीतल्या लहान लहान घरांत ठेवलेले. जुळारी समोरचा मजकूर वाचायचा आणि एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा. इंग्रजीचे काम सव्वीस अक्षरांच्या लहान-मोठ्या खिळ्यांत भागते. आपल्या देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, जोडाक्षरे, त्यामुळे पेटी कितीतरी मोठी आणि काम कितीतरी किचकट. मग शाईचा रूळ फिरवायचा, कागद ठेवायचा, दाब द्यायचा, पहिली प्रत काढून तपासायची, चुकलेला खिळा चिमट्याने काढून दुसरा बसवायचा. छपाई संपली की सगळे खिळे पुन्हा आपापल्या घरात. पुढच्या अंकाला तेच खिळे लागणार असायचे.

हे वर्गात करून दाखवता येते. अर्धा कापलेला बटाटा, पेनाच्या टोपणाने किंवा चमच्याच्या दांड्याने कोरलेले 'क' (चाकू तुमच्याच हाती असू द्या), स्टॅम्पपॅडची शाई. मुले 'क' सरळ कोरतात आणि छापल्यावर तो उलटा उमटतो. हशा होतो. मग त्यांच्या लक्षात येते की अक्षर उलटे कोरावे लागेल. एका मुलाला स्वतःचे नाव छापायला सांगा. तीन अक्षरांच्या नावाला अर्धा तास जातो. त्यानंतरच विचारा, एका ओळीला एवढा त्रास असेल तर लिहिणारा माणूस ओळ लिहिण्याआधी काय करेल? 'विचार करेल' हे उत्तर आपोआप येते, आपल्याला सांगावे लागत नाही.

पण गंमत बघा, एवढी मेहनत असूनही चूक व्हायची ती होतेच.

पहिली किंमत इथे येते. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी तेव्हा अगदी तरुण होते. त्यांना वेड लागले आहे असे सांगून त्यांना नीट वागवले जात नाही, त्यांचे हाल होतात, अशा बातम्या पुण्यात येत होत्या. रोख होता कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर. 'केसरी' आणि 'मराठा' या दोन्ही पत्रांनी बर्व्यांवर कडक लिहिले. आधाराला काही पत्रे होती. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. कोर्टात ती पत्रे बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, तरी खटला थांबला नाही. 17 जुलै 1882 रोजी टिळक आणि आगरकर या दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात ते होते आणि काही दिवसांची सूट मिळून 26 ऑक्टोबरला सुटले. मुलांना दिवस मोजायला लावा : जुलैचे 14, ऑगस्टचे 31, सप्टेंबरचे 30, ऑक्टोबरचे 26. बरोबर 101. आगरकरांनी लिहिलेल्या तुरुंगातल्या आठवणींच्या पुस्तकाच्या नावातही 'एकशे एक दिवस' आहेत. 'विकारविलसित'चे कामही त्यांनी याच कोठडीत केले. दोघे मित्र एकाच खोलीत, आणि वाद घालता घालता आवाज चढायचा, असे टिळकांनी पुढे सांगून ठेवले आहे.

या प्रसंगात जामिनाची एक बाजू आहे, ती पुस्तकात सहसा येत नाही. खटला चालू असताना दोघांना दहा हजार रुपयांचा जामीन हवा होता. 1882 सालचे दहा हजार! तो जामीन रामशेठ उरवणे यांनी दिला, आणि त्यामागे जोतीराव फुले यांचा शब्द होता. फुल्यांचे आणि चिपळूणकरांच्या मंडळींचे विचार किती वेगळे होते ते आपण जाणतो. विष्णुशास्त्रींनी फुल्यांवर किती बोचरे लिहिले होते तेही जाणतो. तरी संपादक तुरुंगाच्या दारात उभे राहिले तेव्हा सत्यशोधकांकडचा माणूस पुढे आला. हे मुलांना जरूर सांगा.

इथे वर्गात हमखास एक हात वर होतो. "सर, मंग त्यायची चूक होती का नव्हती?" प्रश्न चांगला आहे आणि त्याला एका शब्दात उत्तर देऊ नये. महाराजांविषयीची काळजी खोटी नव्हती. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1883 मध्ये, अहमदनगरला सांभाळणाऱ्या गोऱ्या माणसाशी झालेल्या झटापटीत ते वारले. म्हणजे हेतू चांगला, विषय गंभीर, पण हातातला पुरावा खोटा. आणि पुरावा खोटा असेल तर चांगला हेतू कोर्टात उभा राहत नाही. ज्या माणसावर खोट्या कागदाच्या आधारे लिहिले, त्याच्यावर अन्याय झालाच. मोठ्या माणसाचे मोठेपण सांगताना आपण हा भाग 'देशासाठी तुरुंगवास' म्हणून गुळगुळीत करून टाकतो. तसे करू नका. हा तुरुंगवास पडताळणी कमी पडल्यामुळे झाला, हे सांगितल्याने टिळक-आगरकर लहान होत नाहीत. उलट मुलांना कळते की मोठी माणसेही फसतात आणि फसल्यावर नावानिशी भरपाई करतात.

आता मोबाइल काढा. गावच्या ग्रुपवर आलेला एखादा संदेश घ्या, 'अमुक दवाखान्यात मुले चोरणारी टोळी' किंवा 'हे पान खाल्ले की साखर उतरते' अशा धाटणीचा. मुलांना विचारा, याच्या तळाशी ती ओळ कुठे आहे? लिहिणारा कोण? छापणारा कोण? खोटे निघाले तर कोर्टात कोण उभे राहणार? शेवटी एक पोरगी म्हणते, "ज्यानं पुढं धाडलं तो." बस, इथे थांबा. पालकांनीही हा खेळ घरी जेवताना करून बघावा. मात्र पहिला संदेश स्वतःच्या मोबाइलमधला घ्यावा, मुलांच्या नव्हे.

दुसरी किंमत अधिक जड होती, आणि ती कोर्टाने ठरवलेली नव्हती.

'केसरी' एकट्या आगरकरांचा नव्हता, मंडळाचा होता. राजकारणावर सगळ्यांचे एकमत होते, सामाजिक प्रश्नांवर नव्हते. मुलींची लग्ने आठव्या-नवव्या वर्षी होत. नवरा मेला की त्या पोरवयाच्या विधवेचे डोके भादरत, तिला कोपऱ्यात बसवत. आगरकरांना हे सोसेना. 1884 मध्ये बेहरामजी मलबारी यांनी बालविवाहाविरुद्ध पत्रक काढले, मग रखमाबाईंचा खटला गाजला. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी मोठी झाल्यावर नवऱ्याकडे जायला नकार देत होती, वेळ पडली तर तुरुंगात जाईन म्हणत होती. पुढे त्या डॉक्टर झाल्या. सबंध महाराष्ट्र या प्रश्नावर दोन बाजूंना वाटला गेला, आणि टिळक-आगरकरही. 'केसरी'चा संपादक असून आगरकरांना आपले मत 'केसरी'चे मत म्हणून छापता येईना, व्यक्तीचे मत म्हणून वेगळे छापावे लागे. 1887 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी संपादकपद सोडले.

वर्षभराने, 15 ऑक्टोबर 1888 रोजी, त्यांनी 'सुधारक' काढला. नावातच भूमिका. साप्ताहिक, मराठी आणि इंग्रजी दोन भागांचे. मराठी भाग आगरकरांचा, इंग्रजी भाग सांभाळायला गोपाळ कृष्ण गोखले, वय अवघे बावीस. आता तळाच्या ओळीमागे मंडळ नव्हते. बरे-वाईट जे काही होईल ते स्वतःच्या अंगावर.

'सुधारक'मध्ये ते काय लिहीत? मुलामुलींना एकच शिक्षण द्या आणि एकत्र द्या. मुलीला स्वतःच्या लग्नाविषयी बोलता आले पाहिजे. विधवेचे केशवपन हे क्रौर्य आहे. संमतीवय वाढवणारा कायदा 1891 मध्ये झाला, त्याच्या बाजूने ते उभे राहिले. वाचताना अंगावर काटा येतो तो एवढ्यासाठी की कायद्याने वय वाढवले ते दहावरून बारा. दहा! आपल्या चौथी-पाचवीच्या वर्गातल्या मुली डोळ्यांपुढे आणा.

त्यांची लिहिण्याची रीत शिक्षकाची होती. एखादी रूढी घ्यायची, ती सुरू कशी झाली असेल ते शोधायचे, तेव्हा तिचा उपयोग काय असेल ते प्रामाणिकपणे मांडायचे, आज ती कुणाच्या फायद्याची आणि कुणाच्या जिवावर चालते ते दाखवायचे, समोरचा काय म्हणेल ते आधीच सांगायचे आणि मग त्याला उत्तर द्यायचे. शास्त्रात आहे म्हणून, किंवा वाडवडील करत आले म्हणून, एवढे कारण त्यांना पुरेसे वाटत नसे. ज्या वर्षी 'सुधारक' निघाला त्याच वर्षी त्यांचे 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण' हे पुस्तकही आले. व्याकरणाचे! आपण मुलांकडून वाक्यपृथक्करण घोकून घेतो ना, उद्देश्य आणि विधेय, मुख्य वाक्य आणि गौण वाक्य, त्याच विषयाचे. मला यात योगायोग दिसत नाही. वाक्याचे तुकडे करून कोणता तुकडा कशावर टेकला आहे हे बघणाऱ्या माणसाला रूढीचेही तुकडे करून बघायची सवय लागते. मराठीचा तास आणि इतिहासाचा तास इथे जोडता येतो. त्यांच्या निबंधातले एक लांबलचक वाक्य फळ्यावर लिहा आणि पृथक्करण करायला सांगा. वाक्यही सुटते आणि मुद्दाही.

आपल्या भागातल्या मुलांना ही रीत आणखी एका वाटेने समजावता येते. आगरकर अकोल्यातून मॅट्रिक झाले त्याच्या पुढच्याच वर्षी, 1876 मध्ये, शेंडगावला डेबूजीचा जन्म झाला, आणि तो वाढला आपल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, आजोळी. आगरकरांसारखाच आजोळी. गाडगेबाबांचे कीर्तन कसे चाले ते मूर्तिजापूरच्या पोरांना नव्याने सांगावे लागत नाही. बाबा स्वतः फारसे काही ठासून सांगत नसत, समोरच्यांना प्रश्न विचारत, वऱ्हाडीत, आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढत. एकाकडे कॉलेजची पदवी आणि छापखाना, दुसऱ्याकडे खापर आणि खराटा. विचारण्याची जात मात्र एकच. आगरकर देव मानण्याबाबतही शंका घेत आणि बाबा 'देवकीनंदन गोपाला' म्हणत फिरत, हा फरकही मुलांपासून लपवू नका.

या लिखाणाची किंमत आगरकरांनी कशी मोजली? शिव्याशाप, टवाळी, नातेवाइकांचा दुरावा, जिवलग मित्राशी वैर. टिळक आणि आगरकर, एका कोठडीत राहिलेले हे दोघे, आपापल्या पत्रांतून एकमेकांवर तुटून पडत. आणि एक गोष्ट अशी की ती ऐकून वर्ग गप्प होतो. पुण्यात लोकांनी आगरकरांची प्रेतयात्रा काढली, ते जिवंत असताना! तिरडीवर त्यांचा पुतळा, पुढे आरडाओरड, मिरवणूक त्यांच्या घरावरून. आत घरात यशोदाबाई आणि मुले. यशोदाबाई जुन्या वळणाच्या, सोवळेओवळे, व्रतेवैकल्ये करणाऱ्या होत्या, आणि आगरकरांनी त्यांच्यावर आपली मते लादली नाहीत. जगाला रूढी सोड म्हणणाऱ्याने घरात सक्ती केली नाही, याला कोणी विसंगती म्हणेल. मी म्हणत नाही. पटवून द्यायचे, लादायचे नाही, हा नियम त्यांनी घरातही पाळला.

कोल्हापूर प्रकरणात चूक होती, तिथे त्यांनी माफी मागितली. इथे चूक नव्हती, तेव्हा प्रेतयात्रा पाहूनही ते मागे हटले नाहीत आणि 'सुधारक'चा सूर बदलला नाही. या दोन वागण्यांची मुलांना तुलना करायला सांगा. माफी कधी मागावी आणि कधी मागू नये, यावर आठवी-नववीची मुले आपल्यापेक्षा बरे बोलतात.

एक मुद्दा शिक्षकांनी स्वतःजवळ तयार ठेवावा. आपल्या वर्गातली बरीच मुले शेतकरी, कष्टकरी घरांतली. केशवपनाचे ऐकले की कोणीतरी म्हणतेच, "सर, आमच्याकडं तं पाट लागते." बरोबर आहे. वऱ्हाडातल्या कितीतरी जातींत विधवेचा पाट लागत असे, तिथे केशवपनाची चाल नव्हती. आगरकरांच्या लेखणीला सगळ्यात जास्त दिसले ते पुण्याच्या पांढरपेशा घरातले दुःख, कारण ते त्यांच्या डोळ्यांपुढे होते. शेतकऱ्याचे कर्ज, जातीची उतरंड, कुलकर्णी-सावकारांचा जाच हे ज्या पत्रांतून धगधगत होते ती वेगळी. कृष्णराव भालेकरांनी 1877 मध्ये पुण्यात सुरू केलेला आणि पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईहून चालवलेला 'दीनबंधु' हे त्यातले मोठे नाव. आगरकर शिकवताना 'दीनबंधु'चे नाव घेतले नाही तर चित्र अर्धे राहते. पण म्हणून आगरकरांचे प्रश्न परक्यांचे आहेत असेही नाही. बालविवाहाविरुद्ध ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आजही फलक लावावे लागतात आणि दहावीनंतर वर्गातून गळणाऱ्या मुलींची नावे आपल्या हजेरीपटात आहेत.

आगरकरांना दमा होता, तरुणपणापासून. शाळा, कॉलेज, साप्ताहिक, सगळे त्या धापा टाकणाऱ्या छातीवर. 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले, आणि प्राचार्य वामन शिवराम आपटे 1892 मध्ये वारल्यावर ती जबाबदारी आगरकरांवर आली. प्राचार्यपद आणि 'सुधारक' दोन्ही त्यांनी शेवटपर्यंत सांभाळले. 17 जून 1895 रोजी ते गेले. वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी नव्हती. आपल्या अंत्यविधीचा भार कुणावर पडू नये म्हणून थोडे पैसे पुडीत बांधून त्यांनी वेगळे ठेवले होते, असे सांगतात. एवढी वर्षे भांडलेल्या टिळकांनी 'केसरी'त मृत्युलेख लिहिला आणि लिहिताना त्यांना रडू आवरेना, अशी आठवण आहे.

जाता जाता, दरवर्षी भाषणांत होणारी एक गफलत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा आणि आपल्या आगरकरांचा संबंध नाही. ती संस्था वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या नावाची आहे. इंटरनेटवरून उतरवलेल्या भाषणात हे दोघे एकत्र आलेले दिसतात. भाषण तपासून द्या.

पाठासाठी उतारा निवडताना सहावी-सातवीला डोंगरीच्या आठवणींतला भाग चालतो, त्यात गोष्ट आहे आणि विनोदही आहे. नववी-दहावीला 'सुधारक'मधला मुलींच्या शिक्षणावरचा निबंध घ्या, पण पूर्ण नको, दोन परिच्छेद पुरेत. जुन्या मराठीतले अनुस्वार, 'त्यांस', 'करितां', 'नाहीं' अशी रूपे मुलांना अडखळवतात. पहिल्या दिवशी ते दोन परिच्छेद तुम्ही मोठ्याने वाचा, दुसऱ्या दिवशी मुलांना आजच्या मराठीत लिहायला सांगा, आणि प्रत्येकाच्या कागदाच्या तळाशी ती बारीक ओळ लिहायला लावा : लिहिणार अमुक, तपासणार तमुक, इयत्ता, शाळा, मूर्तिजापूर.